पिवळ्या तबकडीचं काय करायचं?

गेल्या महिन्यात रविवारच्या ऑनलाइन वर्गात आपला नेहमीचा खेळ चालू होता. घरातली एक जुनी वस्तू कॅमेऱ्यासमोर धरायची आणि तिच्याबद्दल पाच वाक्यं मराठीत बोलायची. कुणी अडकित्ता आणला, कुणी आजीची नऊवारी आणली. एका मुलीने मनगटी घड्याळ आणलं. तिच्या आजोबांचं, फेवर ल्युबा कंपनीचं. आजोबा आता नाहीत. घड्याळ तिच्या बाबांच्या बॅगेतून नाशिकहून इकडे न्यू जर्सीला आलं. तिने पाच वाक्यं नीट म्हटली आणि सहाव्या वाक्यात मलाच प्रश्न विचारला.

"काका, याची तबकडी पिवळी झाली आहे. ती नवीन करून घेऊ की अशीच ठेवू? माझा मामेभाऊ म्हणतो, पिवळी आहे म्हणूनच याचे जास्त पैसे येतील."

(मी अजून चाळिशी गाठलेली नाही, पण या वर्गात सगळ्यांचा काका आहे. आता सवय झाली.)

वर्ग संपायला तीन मिनिटं उरली होती आणि मला जुन्या घड्याळांचं वेड आहे. तीन मिनिटांत माझं बोलणं आटोपलं नसतं. म्हणून "लिहून देतो" असं म्हणालो. तर हे ते उत्तर.

आधी तबकडी म्हणजे काय ते बघू. घड्याळाच्या काचेखाली आकड्यांची जी गोल चकती असते ती तबकडी. तुम्ही तिला डायल म्हणता, आम्हीही बोलताना तेच म्हणतो. ही चकती बहुतेक वेळा पितळेची असते. तिच्यावर रंग, रंगावर छपाई आणि वॉर्निशचा पातळ थर. हा थर काचेसारखा पारदर्शक असतो, पण कायमचा तसा राहत नाही. ऊन, उष्णता, घाम आणि दमट हवा यांमुळे तो हळूहळू पिवळा होतो. काचेच्या कडेने किंवा चावीच्या भोकातून ओल आत शिरली की डाग पडतात. मुंबईत किंवा कोकणात पन्नास पावसाळे काढलेल्या घड्याळाची तबकडी कोरी करकरीत असेल, तर मला आनंद होण्याआधी शंका येते.

काळ्या तबकड्यांची गोष्ट आणखी गमतीची आहे. १९५०-६० च्या दशकांतल्या काही स्विस घड्याळांचा काळा रंग उन्हाला टिकला नाही. काळ्याचा तपकिरी झाला, काहींचा तर थेट चॉकलेटी. कंपनीच्या दृष्टीने हा रंगाचा दोष होता. पण संग्राहकांनी, म्हणजे जुनी घड्याळं हौसेने जमवणाऱ्या लोकांनी, या दोषाला 'ट्रॉपिकल डायल' असं झकास नाव दिलं. उष्ण प्रदेशांतल्या उन्हाची आठवण करून देणारं नाव. आज तशी रोलेक्स किंवा ओमेगा मिळाली, तर चांगल्या काळ्या तबकडीच्या घड्याळापेक्षा ती पुष्कळ महाग विकली जाऊ शकते.

म्हणजे मामेभाऊ बरोबर बोलतोय? अर्धा.

कारण बाजारात सगळे डाग सारखे नसतात. तपकिरी रंग सगळीकडे एकसारखा आला असेल तर लोक "वा!" म्हणतात. तोच रंग एका बाजूला आला आणि दुसऱ्या बाजूला नाही, किंवा बुरशीसारखे ठिपके उठले, की तेच लोक तोंड वाकडं करतात आणि किंमत उतरते. आता विचार करा. दोन्ही घड्याळं तेवढीच जुनी आहेत. दोन्ही तेवढीच वापरली गेली. मग एकाला मान आणि दुसऱ्याला अपमान का? माझं मत असं की, हे लोक म्हातारपणाला पैसे देत नाहीत. सुंदर दिसणाऱ्या म्हातारपणाला देतात. 'जुन्याची कदर' हे शब्द ऐकायला छान वाटतात, पण या भावामध्ये कदर थोडी आणि नशीब जास्त आहे.

एक गोष्ट मात्र मी मान्य करतो. बदललेला रंग हा पुरावा असतो. या तबकडीला कुणी हात लावलेला नाही, हे तो सांगतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे संगणक जे जे करतो त्याची नोंद एका लॉग फाईलमध्ये होत राहते. ती फाईल दिसायला भयानक असते, पण काही बिघडलं की आम्ही पहिल्यांदा तिच्याकडेच धावतो. "फाईल फार घाण दिसत होती म्हणून पुसून टाकली" असं आमच्या ऑफिसात कुणी म्हणालं, तर त्याचं काय होईल ते सांगायला नको.

पण पुराव्याला किंमत आली की खोटे पुरावे तयार होतात. याचं उदाहरण फार दूरचं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात एक ओमेगा स्पीडमास्टर लिलावात निघालं. १९५७ साली आलेल्या पहिल्या मॉडेलचं, तबकडी चॉकलेटी झालेली. अंदाज होता ८० हजार ते १ लाख २० हजार स्विस फ्रँकचा. बोली गेली ३१ लाख फ्रँकच्या वर! विकत घेणारी होती खुद्द ओमेगा कंपनी, आपल्या संग्रहालयासाठी. आणि २०२३ मध्ये त्याच कंपनीने सांगितलं की, ते घड्याळ अस्सल नव्हतंच. वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून ते बनवलेलं होतं आणि त्यात कंपनीच्याच काही माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. जिने मूळ घड्याळ बनवलं, तीच कंपनी फसली. मग तुमचा-आमचा काय पाड!

काही कंपन्या आता आणखी एक पाऊल पुढे गेल्या आहेत. कोऱ्या घड्याळाच्या आकड्यांवर त्या मुद्दाम मळकट पिवळा रंग देतात, म्हणजे ते जुनं वाटावं. तुमच्यापैकी काही जण गुडघ्यावर फाटलेली जीन्स नवीन विकत घेतात, तसंच. मला ते आवडत नाही. तुम्हाला आवडत असेल तर घाला बापडे, पण जीन्स तुम्ही फाडलेली नाही एवढं लक्षात असू द्या.

आता जरा गंभीर भाग. हा रंग कशामुळे येतो, याची एक बाजू मला इथे राहायला आल्यावर कळली. जुन्या घड्याळांचे काटे आणि आकडे अंधारात चमकावेत म्हणून त्यांवर रेडियम मिसळलेला रंग लावत. आपल्या न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावात, आमच्या घरापासून तासाभराच्या आत, असा रंग लावण्याचा एक मोठा कारखाना १९१७ च्या सुमारास सुरू झाला. तिथे काम करणाऱ्या बहुतेक तरुण मुली होत्या. ब्रशला बारीक टोक यावं म्हणून तो ओठांत धरून फिरवायचा, असं त्यांना शिकवलेलं होतं. दिवसभर रंग, ओठ, रंग, ओठ. त्यातून रेडियम पोटात गेलं आणि हाडांत जाऊन बसलं. अनेकींचे दात पडले, जबडे झिजले, कित्येक जणी मेल्या. त्यांच्यापैकी पाच जणी १९२७ मध्ये कोर्टात गेल्या आणि १९२८ मध्ये कंपनीला तडजोड करून पैसे द्यावे लागले.

त्या रंगाची चमक काही दशकांत जाते. पण रेडियम जात नाही. ते निम्मं व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात. एखादं रेडियमचं घड्याळ बंद पडून वर्षानुवर्षं खणात राहिलं, तर काट्यांची तपकिरी सावली खालच्या तबकडीवर कायमची उमटते. काटे पुढे सरकवले तरी सावली तिथेच. घड्याळ किती वाजता थांबलं होतं, ते अजून वाचता येतं. अशी तबकडी मी एकदा पाहिली. खरं सांगतो, मला ती विकत घ्यावीशी वाटली आणि त्याच वेळी अंगावर काटाही आला. १९६० च्या दशकात रेडियमऐवजी ट्रिटियम आलं. ते बारा वर्षांत निम्मं होतं आणि त्याच्या मानाने पुष्कळ सौम्य असतं. तशा स्विस घड्याळांवर सहाच्या आकड्याखाली बारीक अक्षरांत 'टी' छापलेलं असतं.

म्हणून ज्या मुलीने प्रश्न विचारला तिला एक सूचना, आणि ही सूचना आहे, मत नाही. आजोबांच्या घड्याळाच्या आकड्यांवर जाड, हिरवट-तपकिरी ठिपके असतील तर घड्याळ घरी उघडू नकोस. ते ठिपके नखाने खरवडू नकोस. त्यांची धूळ श्वासात जाता कामा नये. भिंग घेऊन काचेवरूनच 'टी' शोध.

एवढं सगळं मला माहीत आहे, पण हे वेड लागायच्या आधी मी स्वतः एक तबकडी पुसून टाकली. ती हकिगत सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही.

माझे बाबा एस.टी.त कंडक्टर होते, सांगली डेपोला. त्यांच्या मनगटावर एच.एम.टी. जनता. एच.एम.टी. ही सरकारी कंपनी. तिने १९६१ पासून जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. त्या काळी लग्नात जावयाला एच.एम.टी. देणं म्हणजे थाट असायचा. बाबांनाही माझ्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, लग्नात हेच दिलं. पांढरी तबकडी, तिच्यावर देवनागरीत 'जनता'. रोज सकाळी आंघोळ झाली की बाबा त्याला चावी द्यायचे. चावी देताना होणारा तो करकर आवाज म्हणजे आमच्या घरातला शाळेला निघण्याचा इशारा.

२००५ च्या पावसाळ्यात कृष्णेला मोठा पूर आला. मी तेव्हा बारावीत होतो. आमच्या गल्लीत कमरेच्या वर पाणी चढलं. बाबांनी आजीला पाठीवर घेतलं आणि पाण्यातून चालत रस्त्यापर्यंत नेलं. मी मागून दप्तर आणि रेशनकार्ड डोक्यावर धरून चाललो होतो. घड्याळ बाबांच्या मनगटावरच होतं. नंतर ते सुरू झालं, पण सहाच्या आकड्याजवळ चहाच्या रंगाचा एक अर्धचंद्र उमटला. पुढे वर्षागणिक तो पसरत गेला. सात आणि पाच दिसेनासे झाले.

नोकरी लागल्यावर मी ठरवलं की, बाबांना आश्चर्याचा धक्का द्यायचा. सुट्टीत घड्याळ गुपचूप उचललं आणि पुण्यातल्या पेठेत एका घड्याळवाल्यांकडे नेलं. ते म्हणाले, "एकदम नवं करून देतो." आठवड्याने घड्याळ हातात आलं. तबकडी पांढरीशुभ्र. डाग नाही, अर्धचंद्र नाही. 'जनता' हे अक्षर जरा जाड आणि किंचित तिरकं, पण ते मला तेव्हा दिसलं नाही. बाबा खूश झाले. शेजाऱ्यांना दाखवून आले.

मग मी अमेरिकेत आलो, घड्याळांच्या नादाला लागलो आणि मला कळलं की, मी काय केलंय. तबकडी पुन्हा रंगवायची तर आधीचा रंग पूर्ण काढून टाकतात, अगदी पितळ दिसेपर्यंत. त्यावर नवा रंग फवारतात आणि अक्षरं पुन्हा छापतात. मूळ तबकडी परत येत नाही. इथले संग्राहक अशा भारतातून आलेल्या रंगवलेल्या घड्याळांना कुत्सितपणे 'मुंबई स्पेशल' म्हणतात. त्यांच्या हिशोबाने बाबांचं घड्याळही त्यातलंच.

मी बाबांना फोन केला. माफी मागितली. बाबांना आधी कळेचना की, मी कशाबद्दल बोलतोय. कळल्यावर हसायला लागले. "आरं, मला आकडे दिसत नव्हते! गाडीची वेळ चुकली तर शिव्या मला बसणार का तुझ्या त्या संग्राहकांना? आन् डाग गेला म्हणून पूर गेला व्हय?"

हे वाक्य मला बरेच दिवस पुरलं. म्हातारी तबकडी सुंदर वाटायला एक सोय लागते: वेळ बघायला दुसरं घड्याळ असलं पाहिजे. माझ्या खिशात फोन आहे, म्हणून मला डागात इतिहास दिसतो. बाबांना मिनिटाचा काटा दिसायला हवा होता. म्हणूनच 'मुंबई स्पेशल' म्हणून नाक मुरडणाऱ्यांचा मला राग येतो. फूटपाथवर छोट्या टेबलाशी, डोळ्याला भिंग लावून बसलेला तो कारागीर कुणाला फसवायला बसलेला नव्हता. गिऱ्हाईक म्हणालं "नवं करा", त्याने केलं. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा तेच घड्याळ कुणीतरी "मूळ, अस्सल, हात न लावलेलं" म्हणून परदेशात विकतो. तिथे राग धरा. रंग देणाऱ्या हातावर नको.

तरी बाबांशी मी पूर्ण सहमत नाही. पूर गेला नाही हे खरं. पण आजी गेली. ते घरही आम्ही विकलं. त्या दिवसाचा एकही फोटो आमच्याकडे नाही, कारण पुरात फोटो कोण काढतो? तो अर्धचंद्र होता, तो मी पाचशे रुपये देऊन पुसून घेतला. आणि खरी चूक तबकडी रंगवण्यात नव्हतीच. मी विचारलं नाही, ही चूक. घड्याळ माझं नव्हतं. बाबांनी स्वतः दुकानात नेऊन "रंगवा" म्हटलं असतं, तर मला आज काहीच म्हणायचं नसतं.

आपल्या घरांत जुन्या रंगाबद्दल एकच एक नियम कधी नव्हताच. पितळेचा तांब्या काळपट झाला की आई तो चिंचेने घासून लख्ख करते. त्याचा काळेपणा जपून ठेवायचं तिच्या स्वप्नातही येणार नाही. पण बिडाचा तवा? त्याला कुणी घासणीने घासलं की घरात भांडण. तो जितका काळा तितकी भाकरी सुटते, असं आई म्हणते. एकाच ओट्यावर दोन भांडी आणि दोन नियम. कारण प्रत्येक वेळी प्रश्न असा असतो की, ही वस्तू कशासाठी आहे.

तर आता तुझा प्रश्न. पिवळेपणामुळे घड्याळ जास्त हवंसं होतं का? आपोआप नाही. पैशांचं म्हणशील, तर फेवर ल्युबाची घड्याळं आपल्याकडे पुष्कळ विकली गेली. वरच्या लिलावासारखं काही होणार नाही, मामेभावाला तसं सांग. पण तू ते विकायला काढलेलं नाहीस, हे तुझ्या पाच वाक्यांवरून मला कळलं. तू ते वेळ बघायलाही वापरणार नाहीस. तुला ते आजोबांचं म्हणून हवं आहे. मग माझं मत स्पष्ट आहे: तबकडीला हात लावू नकोस. आतल्या यंत्राची सफाई मात्र जरूर करून घे. वाळलेलं तेल आणि गंज यांत कसलीही आठवण नसते, ते फक्त घड्याळ मारतात. काचेवर फार ओरखडे असतील तर काच बदलली तरी चालेल. दुकानात देताना कागदावर लिहून दे की, तबकडी आणि काटे रंगवायचे नाहीत, पुसायचेही नाहीत. नुसतं तोंडी सांगू नकोस. कारागिराला चकाचक काम करून द्यायची सवय असते, आणि त्याला वाटतं तू खूश होशील.

तुला पुढे कधी वाटलंच, की नाही, मला पांढरीच हवी, तर रंग तेव्हाही देता येईल. आज दिलास तर परत मागता येणार नाही.

पण हे सगळं मी सांगतोय, आणि मी त्या आजोबांना कधी भेटलेलो नाही. म्हणून हे लिहायला घेण्याआधी मी तिला म्हणालो होतो, "आधी नाशिकला आजीला विचार. घड्याळ तिने तुझ्यापेक्षा जास्त वर्षं पाहिलं आहे." पुढच्या रविवारी ती वर्गात आली तेव्हा आजीचं उत्तर घेऊन आली होती. आजीला तबकडी पिवळी झाली आहे हेच माहीत नव्हतं. ती पहिल्यापासून तशीच होती, असं तिचं म्हणणं. आणि मग म्हणाली, "तबकडीचं राहू दे गं, आधी तो पट्टा बदल. त्याला केवढा वास येतो!"